आमचे येथे ताजे लेख गोळा करून मिळतील

आपण आरएसएसचे काम करतो असे महाराष्ट्रात कुणाला सांगायची सोय नाही. पुढचा प्रश्न "कोणत्या शाखेत?" हाच येतो. "तसं नव्हे हो, हे इंटरनेटवरचं आरएसएस," असे मी एका शेजाऱ्यांना सांगून पाहिले. त्यावर ते "असं का? हल्ली ऑनलाइन भरते वाटतं!" म्हणून समाधानाने निघून गेले. तेव्हा खुलासा आधीच करून टाकतो. या आरएसएसचा जन्म नागपुरात नव्हे, अमेरिकेत झाला. १९२५ साली नव्हे, १९९९ साली झाला. आणि याच्यात शिस्त औषधालासुद्धा सापडणार नाही.

वस्तू तशी साधी आहे. समजा, तुम्हाला साठ माणसांचे लिखाण वाचायला आवडते. ही साठ माणसे लहर लागेल तेव्हा लिहिणार. आता रोज उठून साठ घरांच्या कड्या वाजवून "काही नवीन लिहिलंत का?" असे विचारत फिरणे कुणाला परवडेल? त्यापेक्षा प्रत्येकाने दाराबाहेर एक पाटी लावावी. पाटीवर नवीन काय लिहिले, केव्हा लिहिले, कुठे मिळेल, एवढेच असावे. ही पाटी म्हणजे फीड. आणि तासातासाला साठही पाट्या वाचत फिरणारा, नवीन दिसले की उचलून आपल्यापुढे आणून टाकणारा जो गडी, त्याचे नाव ॲग्रिगेटर. शुद्ध मराठीत त्याला संकलक म्हणतात. मी गडीच म्हणतो. संकलक म्हटले की तो मानधन मागेल अशी भीती वाटते.

हा गडी माझ्या पदरी पडला तो आमच्या गावच्या वाचनालयामुळे. वाचनालयाची परंपरा जुनी. मासिके दोऱ्याने टेबलाला बांधलेली आणि पेन्सिल सुतळीने खिडकीला बांधलेली. अशा संस्थेने वेबसाइट काढली आणि तीत 'आजचे वाचन' म्हणून एक पान केले. मराठीत ब्लॉग लिहिणाऱ्या साठेक मंडळींचे नवे लेख तिथे आपोआप येऊन पडावेत अशी योजना. साइट वर्डप्रेसवर. माझ्या भाच्याने कुठलेसे फुकट प्लगइन आणून तिला जोडून दिले. (प्लगइन म्हणजे मिक्सरला चटणीचे भांडे असते ना, तसे. मूळ यंत्र एकाचे, भांडे दुसऱ्याचे, आणि झाकण कधीच नीट बसत नाही.) भांडे बसवून भाचा कॅनडाला गेला. जाताना "मामा, यात काही नाही, फक्त लक्ष ठेव," एवढे म्हणाला. "यात काही नाही" असे जो म्हणतो तो नेहमी कॅनडाला जाणारा असतो.

लक्ष ठेवता ठेवता मला एक शोध लागला. गड्याचे एकही दुखणे आजचे नाही. आज सकाळी गडी का रुसला हे पाहायला आत डोकावावे तर आत १९९९ निघते, २००० निघते, कधी कधी तर थेट १९८२ निघते. आमच्याकडे एखाद्या घरातल्या सुना एकमेकींशी का बोलत नाहीत याचे कारण पणजोबांच्या वाटणीपत्रात सापडते, तसला प्रकार. म्हणून हा इतिहास. दुरुस्तीचे पुस्तक म्हणूनही तो वाचता येईल.

१९९९ च्या मार्चमध्ये नेटस्केप कंपनीने आपल्या 'माय नेटस्केप' या पानासाठी ही पाटी काढली. कर्ते दोघे, डॅन लिबी आणि रामनाथन गुहा. गुहा हे मद्रासच्या आयआयटीतून शिकून गेलेले, म्हणजे याही आरएसएसचा भारताशी थोडा संबंध आहेच. पहिल्या आवृत्तीला त्यांनी ०.९० असा नम्र आकडा दिला. तिचा पाया होता आरडीएफ, म्हणजे जगातल्या समस्त माहितीचे परस्परांशी नाते काय हे सांगू पाहणारी एक भव्य पद्धत. 'आजचा लेख इथे आहे' एवढे सांगण्यासाठी ती म्हणजे टपाल टाकायला हत्तीवरून जाणे होते. चार महिन्यांत, जुलैमध्ये, ०.९१ आली आणि हत्ती काढून टाकला. या वेळी डेव्ह वायनर नावाच्या गृहस्थांनी स्वतःच्या दैनंदिनीसाठी १९९७ पासून वापरलेल्या पाटीतल्या बऱ्याच गोष्टी तीत घेतल्या. एका पाटीवर पंधरापेक्षा जास्त नोंदी नकोत असाही एक नियम होता. नेटस्केप त्याआधीच एओएलच्या पोटात गेली होती, आणि पुढे या पोराकडे बघायला कुणाला वेळ उरला नाही.

पोरके पोर आणि थोडीशी इस्टेट म्हटल्यावर पुढे काय होणार हे मराठी वाचकाला सांगायला नको. दोन पक्ष पडले. एका पक्षाचे म्हणणे, हत्ती परत आणा, त्याच्याशिवाय शोभा नाही. त्यांनी २००० च्या डिसेंबरमध्ये आरएसएस १.० काढली. वायनर यांचे म्हणणे, हत्ती नको, सायकल बरी. त्यांनी त्याच डिसेंबरमध्ये ०.९२ काढली. पुढे २००२ च्या सप्टेंबरमध्ये वायनर यांनी २.० काढली. आता कुणाही सरळ माणसाला वाटेल की २.० ही १.० ची पुढची पिढी. मुळीच नाही! २.० ही ०.९२ च्या घरातली. १.० तिची चुलती. आणि दोघींचे जाणे-येणे नाही. बरे, अद्याक्षरे तीच ठेवून अर्थही बदलत गेला. आधी ती 'आरडीएफ साइट समरी' होती, मग 'रिच साइट समरी', मग 'रिअली सिंपल सिंडिकेशन'. आडनाव एक आणि गोत्रे तीन.

भांडणाला कंटाळून सॅम रुबी यांनी २००३ च्या जूनमध्ये तिसरी चूल मांडली. तिथे पहिले भांडण चुलीच्या नावावरूनच झाले. पाय, एको असे करत करत 'ॲटम' ठरले. ॲटमचे काम मात्र व्यवस्थित झाले आणि २००५ च्या डिसेंबरमध्ये आरएफसी ४२८७ म्हणून त्यावर शिक्कामोर्तबही झाले. मधल्या काळात मार्क पिलग्रिम यांनी २००४ मध्ये बसून मोजले, तर आरएसएसच्याच एकमेकींशी न जुळणाऱ्या नऊ आवृत्त्या भरल्या. आमच्या गड्याला या सगळ्या पाट्या वाचता यायला लागतात. त्याच्या पोटात दर तिसऱ्या ओळीला 'अमुक असेल तर असे, नाहीतर तसे' का लिहिलेले आहे, ते यावरून कळावे. तो चांगला कारागीर आहे. पाहुण्यांना कोणाशेजारी कोणाला बसवायचे नाही, हे पाठ असलेला वाढपी.

या भांडणात एक पोरगा होता, त्याच्याविषयी दोन शब्द लिहायलाच हवेत. १.० च्या कर्त्यांच्या यादीत ॲरन स्वार्ट्झ हे नाव आहे. ती यादी प्रसिद्ध झाली तेव्हा त्याला चौदा वर्षे पूर्ण होऊन महिना झाला होता. पत्रातून वय दिसत नाही, हा त्या काळच्या इंटरनेटचा एक मोठेपणाच म्हणायचा. आमच्याकडे चौदाव्या वर्षी मुलाला सायकल घेऊन द्यावी की नाही यावर घरात चर्चा चालते. ज्ञान सगळ्यांना खुले असावे असे त्याचे मत होते. एमआयटीच्या जाळ्यातून शोधनिबंधांचे गठ्ठेच्या गठ्ठे उतरवून घेतले म्हणून २०११ मध्ये त्याच्यावर खटला भरला गेला, आणि २०१३ च्या जानेवारीत, खटला उभा राहण्याआधी, त्याने आपले आयुष्य संपवले. वय सव्वीस. मी हत्तीच्या पक्षाचा नाही, पण १.० ची पाटी समोर आली की तिच्यावर चिडवत नाही.

आता दुखणी. पहिले दुखणे तारखेचे. आमच्या पानावर एका बाईंचे लेख कधी दिसतच नसत. त्यांचा फोन यायचा, "आमचंच का वगळता?" शोधता शोधता ते लेख सापडले पानाच्या पार तळाशी. तारीख, १ जानेवारी १९७०. वेळ, पहाटे साडेपाच! त्या वेळी बाईंचा जन्मही झालेला नव्हता. त्याचे असे झाले होते, की आरएसएस २.० मध्ये तारीख कशी लिहावी याचा नियम आरएफसी ८२२ मधून घेतलेला आहे. ते टिपण १९८२ चे. म्हणजे आपल्याकडे एशियाडच्या निमित्ताने रंगीत दूरदर्शन आले, त्या सालचे. त्यात वारांची आणि महिन्यांची नावे इंग्रजीच हवीत. बाईंच्या साइटने मराठी बाण्याने 'सोम' आणि 'मार्च' असे देवनागरीत लिहिले होते. गड्याला ते वाचता येईना. आणि तारीख कळली नाही की ही यंत्रे शून्य धरतात. त्यांच्या कालगणनेचे शून्य म्हणजे ग्रिनिचची १९७० च्या पहिल्या तारखेची मध्यरात्र. आपल्याकडे तेव्हा पहाटेचे साडेपाच वाजलेले असतात.

दुसऱ्या एका गृहस्थांचे लेख बरोबर साडेतीन तास उशिरा येत. सकाळी दहाला लिहिलेले दुपारी दीडला. "जेवून येतात बहुतेक," असे आमच्या ग्रंथपालबाई म्हणत. त्यांच्या पाटीवर वेळेपुढे 'आयएसटी' असे लिहिलेले होते. आपण म्हणतो, हा आपला भारतीय प्रमाण समय. पण ही तीन अक्षरे इस्रायलवाल्यांनीही घेतलेली आहेत आणि आयर्लंडवाल्यांनीही. गड्याजवळच्या कोष्टकात इस्रायल आधी होते. ग्रिनिचच्या पुढे आपण साडेपाच तास, ते दोन, फरक साडेतीन. त्या हिशेबाने लेखाची वेळ अजून व्हायचीच असे, आणि पुढची वेळ घातलेला लेख वर्डप्रेस मुहूर्त येईपर्यंत झाकून ठेवतो. एकूण काय, एक मराठी लेखक रोज सकाळी जेरुसलेमच्या घड्याळाकडे डोळे लावून बसत होता. मी शेवटी सगळ्यांच्या तारखांचा नाद सोडला आणि लेख आमच्या दारात ज्या क्षणी आला तीच त्याची वेळ, अशी नोंद गड्याला करायला लावली. आवक-जावक खात्यात वेगळे काय करतात?

तिसरे दुखणे खास आपले. पानावर मथळा फार लांब झाला की गडी तो कापत असे. पण कापायचा अक्षरे मोजून नव्हे, बाइट मोजून. इंग्रजीत अक्षर आणि बाइट एकच, त्यामुळे प्लगइन लिहिणाऱ्याला हा भेद आयुष्यात कधी जाणवला नसणार. आपल्या अक्षरांना यूटीएफ-८ या पद्धतीत तीन तीन बाइट लागतात. ही पद्धत केन थॉम्पसन यांनी रॉब पाइक यांच्यासोबत १९९२ मध्ये न्यू जर्सीतल्या एका खानावळीत, ताटाखालच्या कागदावर मांडली. (जगातल्या सगळ्या लिप्यांची सोय एका जेवणात! आमच्याकडे बिल कोणी द्यायचे हेही तेवढ्यात ठरत नाही.) शिवाय काना, मात्रा, वेलांटी आणि पाय मोडण्याची ती तिरकी रेघ, हे सगळे वेगळे मोजायचे. 'क्षि' हे दिसायला एक अक्षर, पण यंत्राच्या वहीत त्याचे बारा बाइट. आता सुरी बारातल्या सातव्यावर पडली की काय व्हायचे? अक्षराचा चुरा होऊन तिथे काळ्या शंकरपाळ्यात एक प्रश्नचिन्ह उभे राहते. सुरी सुदैवाने अक्षरांच्या मधोमध पडली तर चुरा होत नाही, अर्थ होतो. 'तालुक्यात उद्यापासून दारूबंदी' या मथळ्याचे आमच्या पानावर 'तालुक्यात उद्यापासून दारू…' झाले. त्या दिवशी पानाला आलेली गर्दी पुन्हा कधी आली नाही. मी सुरी काढून घेतली आणि शब्द संपल्याशिवाय कापायचे नाही असा दंडक घातला.

गडी बरा चालायला लागला तशा सभासदांच्या मागण्या वाढल्या. एकाला पाककृती नकोत, एकाला फक्त पाककृती हव्यात. हे सोपे होते; लिहिणाऱ्याने पाटीवर विषय नोंदवलेला असतो, त्यावरून गाळणी लावता येते. पण आमचे एक सभासद करसल्लागार. त्यांना करविषयक लेख वेगळे काढून हवे होते. गाळणीत 'कर' हा शब्द घातला. दुसऱ्या दिवशी साठही जणांचे सगळे लेख त्यांच्या पुढ्यात. करणे, करावे, लवकर, भाकर; 'कर' नसलेला मराठी लेख दाखवा! संपूर्ण शब्दच जुळव, असे गड्याला बजावले तरी 'करू' आणि 'करा' येतच राहिले. कारण शब्द कुठे संपतो हे ओळखण्याच्या ज्या जुन्या युक्त्या आहेत त्यांच्या लेखी ऊकार किंवा काना हे अक्षरच नव्हे. तिथे शब्द संपला असे त्या धरून चालतात. शेवटी मात्रा आणि वेलांट्याही अक्षरांत धराव्यात असा वेगळा नियम हाताने लिहावा लागला. लिहिल्यावर महिनाभर एकही लेख आला नाही. करावर मराठीत कोणी ब्लॉग लिहीत नाही, हे त्या निमित्ताने उघड झाले.

एका आजींना वाचवत नसे, त्यांना ऐकायला हवे होते. ही सोय मात्र त्या भांडखोर डिसेंबरमध्येच झालेली होती. ०.९२ मध्ये पाटीसोबत आवाजाची फाइल अडकवायला एक खुंटी ठेवलेली आहे. ॲडम करी यांनी वायनर यांच्यामागे लकडा लावला म्हणून ती आली. या खुंटीवर पुढे अख्खा पॉडकास्टचा धंदा टांगला गेला. आज फोनवर पॉडकास्ट ऐकणारे असंख्य लोक आरएसएस वापरतात आणि त्यांना ते ठाऊक नसते. खुंटीवरचा नग उचलून आणायला मी गड्याला शिकवले. आजी आता कथा ऐकतात आणि निवेदकाचे उच्चार सुधारतात.

मधल्या काळात बाहेर मोठी उलथापालथ होऊन गेली. २००५ च्या ऑक्टोबरमध्ये गूगलने 'रीडर' काढला होता. घरोघरचे लहान गडी सोडून लोक या एका मोठ्या गड्याकडे गेले. काम चोख, पैसे नाहीत. आणि १३ मार्च २०१३ रोजी, स्वार्ट्झला जाऊन दोन महिने झाले होते, गूगलने जाहीर केले की वापर कमी झाला आहे, १ जुलैला दुकान बंद. झाले बंद. त्यानंतर कोणी काय वाचावे हे ठरवायला दुसरी यंत्रे आली. ती पाटी वाचत नाहीत, वाचणाऱ्याचा चेहरा वाचतात. फायरफॉक्सनेही २०१८ च्या डिसेंबरमध्ये फीड वाचण्याची सोय काढून टाकली. आमच्या साठातली निम्मी मंडळी लिहायची थांबली. वाद झाले म्हणून नव्हे. कोणी येत नाही असे वाटले म्हणून. आमचा गडी येत होता, पण गड्याला कोण मोजतो!

त्यांपैकी एक कोकणातले निवृत्त मास्तर होते. जुन्या आगबोटी, बंदरे, पाण्याच्या वेळा, असले लिहीत. ते वारले. त्यांची साइट तशीच उभी राहिली, कारण मुलगा दर वर्षी तिचे भाडे भरत होता. गडी दर तासाला त्यांच्या दारी जाई. अशा वेळी विचारण्याची एक रीत ठरलेली आहे. गडी म्हणतो, "मागच्या वेळेनंतर काही बदललं असेल तरच द्या," आणि तिकडून ३०४ हा आकडा येतो. त्याचा अर्थ, बदल नाही. तासाला एक ३०४. घर कायमचे बंद असेल तर सांगायला ४१० हा वेगळा आकडा आहे. तो मिळाला की सभ्य गड्याने पुन्हा जाऊ नये. पण तो आकडा पाठवायला मागे कोणीतरी हयात लागते. कार्यकारिणीच्या एका सभेत सूचना आली, की बंद पडलेली नावे काढावीत, तेवढाच सर्व्हरवरचा भार हलका होईल. मी हिशेब मांडून दाखवला. एका ३०४ चे वजन पोस्टकार्डाइतकेही नसते. सूचना बारगळली.

मग एके सकाळी 'आजचे वाचन'वर ओळीने दहा लेख, दहाही मास्तरांचे. मुलाने साइट दुसऱ्या सर्व्हरवर हलवली होती आणि हलवताना सगळे पत्ते 'एचटीटीपी'चे 'एचटीटीपीएस' करून घेतले होते. प्रत्येक नोंदीला एक कायमची खूण असते, तिला जीयूआयडी म्हणतात. ती कधी बदलू नये असे वर्डप्रेसच्या पुस्तकात बजावलेले आहे, आणि ती त्या पत्त्यावरूनच बनलेली असल्यामुळे हलवाहलवीत नेमकी बदलते. खूण नवी म्हणजे लेख नवा, असे गडी समजला. आणि आल्या वेळेची नोंद करायची हा तर माझाच हुकूम. शेवटचे दहा लेख आजच्या तारखेने पानाच्या माथ्यावर. खूण जुळत नसेल तर मथळा आणि मजकूर ताडून बघ, असे गड्याला शिकवता येते. ती दुरुस्ती मी त्याच दुपारी केली आणि आधी आलेल्यांना हात लावला नाही.

संध्याकाळी ग्रंथपालबाई कपाटाला कुलूप लावायच्या आधी टेबलावरच्या संगणकासमोर बसल्या होत्या. पडद्यावर बाणकोटच्या खाडीवरचा लेख.

"हा आपण पूर्वी वाचलेला आहे," मी म्हणालो.

"हो, दोनदा," बाई म्हणाल्या. "दिवा मी घालवते, तुम्ही पुढे व्हा."